झिजलेला टाक

"हातात काय घालू?" पोतदारांनी विचारलं.

"तलवार. वीराच्या हातात दुसरं काय आसणार? पोळपाट-लाटणं?" आबा म्हणाले.

पोतदार हसले नाहीत. तालुक्याच्या सोनारआळीत त्यांचं दुकान होतं आणि आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या देव्हाऱ्यांतले देव त्यांच्याच घरात घडलेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, टाक दाराच्या उजेडात तिरपा धरला आणि त्या चांदीच्या पत्र्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"सुभेदार, राग मानू नका. घोडा दिसतोय, स्वार दिसतोय. पण स्वाराचा हात पार झिजलाय. आणि त्याच्या मागं हे काहीतरी उठलेलं आहे. माणूस म्हणावं, तर मग हा खंडोबा झाला, म्हाळसेसकट."

"आमच्या घरचा वीर हाय त्यो, खंडोबा न्हाई. मागं शेपटी आसंल."

"शेपटी एवढी वर?"

"पळताना जाती वर. घोडं कधी बघितलंय का?"

पोतदारांनी जन्मात घोडं बघितलं असेल-नसेल, पण ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी भिंग उतरवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांकडे पाहिलं. "जालिंदरराव, तुम्हाला काय वाटतं?"

तात्यांनी मान दुसरीकडे वळवली. ते आबांकडेही बघत नव्हते. रस्त्यापलीकडे लावलेल्या आपल्या टेंपोकडे बघत होते.

"गिरणीवाल्याला काय विचारताय?" आबा पोतदारांना म्हणाले, आणि मग मला, "त्याला सांग, घरातलं मोठं मानूस समोर बसलंय."

माझे आजोबा माझ्या वडिलांशी बोलत नसत. समोरासमोर बसलेले असले तरी निरोप माझ्यामार्फत जायचा. टेंपोतून येतानाही मला दोघांच्या मधे बसवलं होतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

आमची आंबळेवाडी फौजी गाव. आबा, म्हणजे सुभेदार रंगराव फडतरे, मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. त्यांचे वडील त्याआधीच्या युद्धात बसऱ्याला होते. आणि या सगळ्यांच्या वर, देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या रांगेत, आमच्या घरातल्याच एका पूर्वजाचा टाक होता. पेशवाईत कुठल्याशा लढाईत ऐन तारुण्यात पडलेला आमचा वीर. दर धुळवडीला त्याची मिरवणूक निघायची. घरातला एक जण नवरदेवासारखा सजायचा. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात खोबऱ्याच्या वाटीत ठेवलेला टाक. त्याच्या कमरेला शेला बांधलेला असायचा आणि शेल्याचं टोक धरून मागून एक जण चालायचा. वीर अंगात आला तर पडू नये म्हणून. त्या धरणाऱ्याला आमच्याकडे पाठीराखा म्हणतात.

वीर कुणी धरायचा, याचा नियम होता. अंगावर वर्दी चढलेल्यानं किंवा चढणार असलेल्यानं. घरातून पलटणीत जाणारा प्रत्येक जण आधी वीर धरून मग गाव सोडायचा. माझे थोरले काका हणमंत असेच गेले आणि पासष्टच्या लढाईत पडले. त्यांची काळी ट्रंक तेवढी घरी आली. आबांच्या खाटेखाली ती अजून होती. वर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं.

आणि तात्या, हणमंतकाकांचे पाठचे भाऊ, दुसऱ्या वर्षी भरतीला उभे राहिले. धावले, छाती मोजून झाली, पास झाले. नाव पुकारल्यावर मात्र रांगेतून बाहेर पडले आणि चालत घरी आले. त्या दिवसापासून आबांनी बोलणं टाकलं. तात्यांनी पिठाची गिरणी घातली, पुढे टेंपो घेतला. गावातले तरणे पुरुष सगळे सरहद्दीवर, त्यामुळे कुणाची बायको अडली, कुणाच्या म्हातारीला झटका आला, की माणसं गिरणीच्या दाराशी येत. तात्या पीठ झटकत उठायचे. तरी गावात त्यांचं नाव पडलं होतं 'मागं राहिलेला फडतरे'. वर्दी नाही म्हणून वीर त्यांच्या हाती कधी आला नाही. दर धुळवडीला शेल्याचं टोक मात्र त्यांच्याच हातात असायचं. ही त्यांना दिलेली शिक्षाच आहे असं मी समजत होते.

"तलवारीच्या वीराचा ठसा माझ्याकडं तयार आहे," पोतदार म्हणाले. "पत्रा ठेवला, ठोकला, की झालं. पण जुन्याची चांदी नव्यात घालायची, म्हणजे हा टाक मुशीत जाणार. एकदा वितळला की पुन्हा बघायला मिळणार नाही. देवाचं रूप चुकवल्याचं पाप माझ्या माथी नको. घरी बोला आणि उद्या या."

आबा उठले. काठी आपटत म्हणाले, "बोलायचं काय त्यात?"

पण टाक त्यांनी परत घेतला, रुमालात गुंडाळला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

*

झिजलेला टाक नवा करायचाच होता, पण मी गाव सोडायच्या आधीच्या धुळवडीला तो हवा, म्हणून घाई होती. मी मिरजेला नर्सिंग शिकले होते आणि त्याच महिन्यात लष्कराच्या नर्सिंग सेवेत माझी निवड झाली होती. धुळवडीनंतर लगेच पुण्याच्या लष्करी इस्पितळात हजर व्हायचं होतं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तात्यांनी गिरणीचा पट्टा उतरवला, हात पुसले आणि म्हणाले, "तुझी मर्जी." आमच्या घरात 'तुझी मर्जी' याचा अर्थ 'नको' असाच होतो.

आबांचं वेगळंच. मी म्हटलं, "आबा, यंदा वीर मी धरणार. घरातनं कुणी धरल्याशिवाय जात नाही ना?"

"वीर बाईमानसानं धरायचा नसतो. आन् सुया टोचायला निघालेल्यानं तर मुळीच न्हाई. त्याला पलटण म्हनत न्हाईत, प्रमिला."

"वर्दी असते आबा. खांद्यावर दोन तारे असतात."

तिथंच घोडं पेंड खात होतं, असं आमच्या सर्जेरावकाकांचं मत. हे तात्यांचे चुलतभाऊ, नाईक म्हणून निवृत्त झालेले. "अगं, तू लेफ्टनंट हुणार," ते माझ्या कानाशी लागून म्हणाले. "म्हंजे सुभेदारानं नातीला सलाम ठोकायचा. म्हातारा त्याच्यापायी पेटलाय."

सर्जेरावकाकांना देशासाठी वगैरे कुणी बोलू लागलं की हसू यायचं. "मी भरती झालो तवा घरात ज्वारी न्हवती," ते सांगत. "पलटणीत दोन टाइम डाळ-रोटी. पंधरा वर्सं स्टोअरात ब्लँकेटांच्या घड्या घातल्या. एकदाबी बंदूक उडवली न्हाई आन् पेन्शन खातोय. माझ्यावाणी देशसेवा कर, पमे. लई सोपी."

तालुक्याहून परतल्यावर त्या संध्याकाळी सोप्यात आम्ही सगळे बसलो होतो. आबा खाटेवर, तात्या उंबऱ्याशी, सर्जेरावकाका खांबाला टेकून. आई आत चुलीशी असली तरी कान बाहेर होते. मधे पाटावर टाक ठेवलेला. पोतदारांच्या शब्दानं आबा बेचैन झाले होते हे मला दिसत होतं. बोला म्हटलं तर बोलणार कोण, हा प्रश्न होता.

"मला तर घोड्यावर पोतं लादल्यासारखं दिसतंय," सर्जेरावकाका टाक उचलून म्हणाले. "रेशनचं आसंल."

"सर्ज्या, त्वांड सांभाळ!"

"ऱ्हायलं. तलवार तर तलवार."

मी टाक हातात घेतला. आजवर तो मी शेंदूर-हळदीत माखलेलाच पाहिला होता. दुकानात पोतदारांनी धुतल्यामुळे पहिल्यांदा चांदी दिसत होती. आणि मला स्पष्ट दिसलं, मागं शेपटी नव्हती. डोकं होतं. लहानसं, पुढच्याच्या खांद्याला टेकलेलं.

माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही. त्यात वीर धरायला मिळत नाही याचा रागही होताच.

"आबा, एक विचारू? वीराला हळद का लावतो आपण?"

"बिनलग्नाचा गेला म्हनून. हळद अंगाला लागायची ऱ्हायली, म्हनून दर साली लावायची."

"बिनलग्नाचा ना? पोरंबाळं नाहीत?"

"न्हाईत."

"मग आपण कुठनं आलो?"

सर्जेरावकाका हसायला लागले आणि मधेच थांबले. "आयला," ते म्हणाले, "खरंच की गं!"

हा प्रश्न आमच्या घरात कधीच कुणाला पडला नव्हता, याचं मला आजही नवल वाटतं. मिरवणूक मारुतीच्या देवळाशी आली की गुरव ओरडायचा, "वीर कुणाचा?" आम्ही सगळे ओरडायचो, "फडतऱ्यांचा!" मग तो विचारायचा, "फडतरे कुणाचे?" आणि गल्ली दणाणून जायची, "वीराचे!" पिढ्यान् पिढ्या आम्ही ज्याला नवरदेव म्हणून मिरवत होतो, त्याचीच लेकरं म्हणवून घेत होतो.

आबांचा चेहरा उतरला. त्यांना मी इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. मी जिंकले असं क्षणभर वाटलं, पण त्यात काही गोडी नव्हती. माझीच मला लाज वाटली.

"आणि मागं हे कोण बसलंय, आबा?" तरीही मी विचारलंच.

आबांचा हात खाटेच्या कडेवर गेला. त्या खाटेखाली ती ट्रंक होती.

तेव्हा उंबऱ्याशी बसलेले तात्या म्हणाले, "कोन न्हाई बसलं. शेपटीच हाय ती."

मी वळून बघितलं. "तात्या, अहो नीट बघा तरी—"

"बघितलंय. लहानपणापासनं बघतोय. हातात तलवार हाय वीराच्या. उद्या पोतदाराला सांगायचं, तलवार घाला." ते उठले. "आन् म्हाताऱ्या मानसाला उलट सवाल करायचे न्हाईत, कळलं? शिकलीस म्हनून काय झालं?"

तात्या माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. मी रडकुंडीला आले. ते गिरणीकडे निघून गेले आणि थोड्या वेळानं पट्ट्याचा आवाज सुरू झाला. दळायला कुणी आलेलं नव्हतं.

आबा बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून बसले होते. मग त्यांनी टाक रुमालात बांधला.

*

दुसऱ्या दिवशी टेंपोपाशी आले तर आबा आधीच आत बसले होते, मधल्या जागी. मला म्हणाले, "तू खिडकीला बस." मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी गाडी सुरू केली. तालुक्यापर्यंत दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते.

दुकानात पोतदारांनी तलवारीचा ठसा काढून ठेवलाच होता. आबांनी तो हातानं बाजूला सारला.

"ह्यो चालायचा न्हाई," ते म्हणाले. "हातानं घडवावा लागंल. मी सांगतो तसा घडवा."

पोतदारांनी पाटीवर खडू घेतला.

"घोडं चालतंय आसं दावा. पळत न्हाई, चालतंय. पुढं एक स्वार. मान खाली. हातात कायबी न्हाई." आबांनी पाटीवर बोट टेकवलं. "मागं एक. त्याचं दोन्ही हात पुढच्याच्या पोटाला मिठी मारलेलं. दोघांच्या भवती शेला बांधलेला."

"मागचा जखमी का?" पोतदारांनी विचारलं.

"जखमी दोघंबी. पन पुढचा वाटंतच ग्येला. मागचा त्याचा पाठचा भाऊ. त्यानं त्याला घोड्यावरनं पडू दिला न्हाई. गावच्या येशीपातुर ताठ बसवून आनला. आईला ल्योक घोड्यावर बसून आलेला दिसला पायजे म्हनून. माझ्या आज्जीनं सांगितलेलं हाय हे. ज्यो पुढं, त्यो वीर. ज्यो मागं, त्याचं लगीन झालं, त्याला पोरं झाली. त्याची आम्ही."

पोतदारांचा खडू थांबला होता. मी तात्यांकडे बघत होते. त्यांना नवल वाटलेलं नव्हतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"तुम्हीच दावलं होतं मला," तात्या हळूच म्हणाले. कुणाला उद्देशून ते, हे लगेच कळलं नाही. कारण तात्या आबांशी बोलतायत हे ऐकायची माझ्या कानांना सवयच नव्हती. "सुट्टीवर आला होता तुम्ही. मला आन् हणमादादाला मांडीवर घेऊन दावलं होतं. त्यो म्हनला, मी पुढचा. मी म्हनलं, मी मागचा."

"मग काल खोटं का बोललास?"

"तुमाला तलवार लागत हुती."

आबांनी काठी दोन्ही हातांत धरली. ते पोतदारांकडे बघत बोलू लागले, पण शब्द पोतदारांसाठी नव्हते. "हणमा ग्येला त्या साली मी आज्जीची गोष्ट सोडून दिली. ट्रंक आली, मानूस न्हाई आला. माझ्या पोराला कुनी घोड्यावर बसवून आनलं न्हाई. मग कशाला सांगू ती गोष्ट? म्हनलं, तलवार घेऊन लढला आन् पडला, एवढंच बास. आन् हा रांगेतनं माघारी आला तवा मला वाटलं, ह्यो भ्याला."

"भ्यालो न्हवतो, आबा."

"आता ठावं हाय. काल मला सावरलंस तवाच कळलं."

"आई दादाच्या ट्रंकेला हात लावून बसायची. जेवत न्हवती. नाव पुकारलं तवा मला वाटलं, मीबी ग्येलो तर तिला धरायचं कुनी?"

आबांनी हात पुढे केला आणि तात्यांच्या बाहीवर लागलेलं पीठ झटकलं. एकदा झटकलं, मग पुन्हा झटकलं. तिथं पीठ राहिलं नव्हतं तरी झटकत राहिले. मला रडू आवरेना. पोतदार उठून उगीच आत गेले.

बाहेर आल्यावर आबा नेहमीच्या सुभेदारी आवाजात म्हणाले, "जालिंदर, हिला वीर धरायला लागंल. आपल्या घरातनं वीर धरल्याबिगर कोन जात न्हाई."

"बाईमानसानं धरायचा नसतो म्हनत होता," तात्या म्हणाले. बापाला चिडवायची संधी त्यांना तीस वर्षांनी मिळाली होती.

"बाईमानूस कुठं? लेफ्टनंट हाय ती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पडलेल्यास्नी धरायलाच निघालीयास न्हवं? मग घरचंच काम हाय. पर सलाम मी करनार न्हाई. आधी सांगून ठेवतो."

मी तात्यांपुढे उभी राहिले. त्यांचं उत्तर अजून 'तुझी मर्जी'च होतं आणि तेवढ्यावर मला जायचं नव्हतं.

"तात्या?"

त्यांनी टेंपोचं दार उघडलं. "कुनाचा ल्योक आला तर त्याला एकटा सोडू नगंस," ते म्हणाले. "जा. मागं मी हाय."

*

धुळवडीला आंबळेवाडीनं पहिल्यांदा बाईला वीर धरताना पाहिलं. कुजबुज झाली. सर्जेरावकाका पुढे होऊन सांगत सुटले की सरकारी ऑर्डर आहे, काही बोलाल तर पेन्शन बंद होईल. आईनं मला हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या. खोबऱ्याच्या वाटीत नवा टाक होता. पोतदारांनी जीव ओतून घडवला होता. चालणारं घोडं, पुढच्याची झुकलेली मान, आणि मागून पोटाभोवती घट्ट आलेले दोन हात.

नदीवर टाकाला आंघोळ घालून आम्ही परत निघालो. हलगी वाजत होती. माझ्या कमरेला शेला होता आणि त्याचं टोक तात्यांच्या हातात. आजवर मी त्यांना तिथं बघत आले होते आणि मला त्यांची कीव यायची. त्या दिवशी मात्र मला कळलं की मागून धरणारा किती घट्ट धरतो. माझं पाऊल चिखलात घसरलं तेव्हा मला पडायला वेळच मिळाला नाही.

मारुतीच्या देवळाशी गुरव उभा होता.

"वीर कुणाचा?"

"फडतऱ्यांचा!" सगळी गल्ली ओरडली.

"फडतरे कुणाचे?"

गल्लीनं तोंड उघडायच्या आत आबांनी काठी वर केली. माणसं थबकली, हलगी थांबली. आबा मधोमध येऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या, आणि परेडच्या मैदानावर काढत असतील त्या आवाजात ओरडले,

"पाठीराख्याचे!"

गुरव गडबडला. त्याला वाटलं सुभेदार चुकले. त्यानं पुन्हा विचारलं, "फडतरे कुणाचे?"

"पाठीराख्याचे!" या खेपेला सर्जेरावकाका होते, मग आई, मग गिरणीवर दळण आणणाऱ्या, रात्री-अपरात्री तात्यांच्या टेंपोतून दवाखान्यात गेलेल्या बायका. त्यांना टाकाची गोष्ट माहीत नव्हती. पण शेला कुणाच्या हातात आहे ते त्यांना दिसत होतं.

पुढे नोकरीत मी पुष्कळ पोरांचे हात धरून बसले. काही उठून घरी गेले, काही माझ्या हातात गेले. मी एकाही जणाला एकटं सोडलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगू शकते. निवृत्त होताना माझ्या खांद्यावर लेफ्टनंट कर्नलची चिन्हं होती. आबांनी सलाम शेवटपर्यंत केला नाही. मी रजेवर आले की खाटेवरून उठून उभे मात्र राहायचे, आणि विचारलं की म्हणायचे, पाय आखडलेत.

पण अभिमान म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मला देवळापुढची ती गल्ली आठवते. वीरानं मागं वळून बघायचं नसतं, म्हणून तात्यांचा चेहरा मला दिसला नाही. कमरेचा शेला थरथरत होता एवढं जाणवलं. गुरवानं तिसऱ्यांदा विचारलं, "फडतरे कुणाचे?" आणि इतकी वर्षं मुकाट्यानं चालत आलेले माझे तात्या माझ्या कानामागं सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.

"पाठीराख्याचे!"